सेप्सिस : ओळख, धोका आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर चार शब्द बोला असे संस्थेने आम्हास सांगितले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. एक विषय बरीच वर्षे आमच्या मनात सलत आहे. त्याचे नाव सेप्सिस.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही डॉक्टर नाही. एका शासकीय रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त, लघवी, पू यांचे नमुने तपासण्यात आमची नोकरी गेली. कोणते औषध घ्यावे हे आम्ही सांगणार नाही, तो अधिकार डॉक्टरांचा आहे. परंतु रोगी दवाखान्याच्या दारात पोहोचेपर्यंतचा जो वेळ असतो, तो घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या हातात असतो. आजचे आमचे बोलणे त्या वेळेविषयी आहे.

एक चुकलेली रात्र

आमच्या वस्तीत एक गवंडीकाम करणारे गृहस्थ राहत. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात मधुमेह, स्वभाव कष्टाळू. एका रविवारी कामावर त्यांच्या तळपायात खिळा घुसला. घरी जखमेवर हळद दाबली, दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. "इंजेक्शन झाले, आता काळजी नाही," असे तेही म्हणाले आणि आम्हीही म्हणालो. मंगळवारी संध्याकाळी त्यांना हिव भरून आले. मुलाने मेडिकलमधून तापाच्या दोन गोळ्या आणल्या. रात्री ते असंबद्ध बरळू लागले. कोणी म्हणाले, तापात असे होतेच. कोणी हळूच म्हणाले, प्यायले असतील. त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या व म्हणाल्या, "भाऊ, दुपारपासून लघवीलासुद्धा उठले नाहीत." आम्ही जाऊन पाहिले. श्वास भराभर चालला होता, हात गार होते. आम्ही म्हणालो, "वहिनी, आता झोपू द्या, सकाळी बघू."

सकाळी रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. डॉक्टरांनी शर्थ केली. मूत्रपिंडे बंद पडली म्हणून डायलिसिस केले. पाचव्या दिवशी ते गेले.

त्यांच्या रक्ताचा नमुना आमच्याच प्रयोगशाळेत आला होता. ज्या रोगाचे जंतू आम्ही आयुष्यभर बाटलीत वाढताना पाहिले, तो रोग शेजारच्या घरात माणसाच्या चेहऱ्यावर दिसत असताना आम्हाला ओळखता आला नाही. ती रात्र हातची गेली. आपल्यापैकी कोणावर तशी रात्र आली तर ती हातची जाऊ नये, यासाठी आज येथे उभे आहोत.

'सेप्टिक' आणि 'सेप्सिस'

आपल्या बोलण्यात 'जखम सेप्टिक झाली' असे आपण सहज म्हणतो. जखम चिघळली, पू झाला, एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो. सेप्सिस ही त्याच्या पुढची आणि फार गंभीर अवस्था आहे. जुनी माणसे 'रक्तात विष भिनले' म्हणत, ते याच अवस्थेविषयी.

२०१६ साली जगातील तज्ज्ञांनी सेप्सिसची नवी व्याख्या केली. तिचा साधा अर्थ असा : शरीरात जंतुसंसर्ग झाल्यावर त्याला तोंड देताना शरीराचा स्वतःवरचा ताबा सुटतो, त्यामुळे शरीराच्याच अवयवांचे नुकसान होऊन जीव धोक्यात येतो. म्हणजे जंतू हा निमित्त असतो. नुकसानीचा मोठा भाग आपल्याच संरक्षक शक्तीच्या बेभान होण्याने होतो.

संसर्ग कोठलाही असू शकतो. न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, पोटात फुटलेले आंत्रपुच्छ, बाळंतपणानंतर गर्भाशयात झालेला संसर्ग, मधुमेही माणसाच्या पायाची जखम, नवजात बाळाच्या नाळेची जागा. जीवाणूंप्रमाणे विषाणू व बुरशीनेही सेप्सिस होतो. कोरोनाच्या साथीत अतिदक्षता विभागात जे अनेक रोगी दगावले, त्यांच्या शरीरात याच तऱ्हेची पडझड झाली होती.

या रोगाचा पसारा किती? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता. म्हणजे जगातील दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक. रोग्यांपैकी सुमारे दोन कोटी ही पाच वर्षांखालील मुले होती, आणि बहुतांश रोगी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. इतके असूनही मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा न्यूमोनिया किंवा मूत्रपिंड निकामी असे लिहिले जाते आणि सेप्सिस हे नाव लोकांच्या कानावरच पडत नाही.

शरीरात काय घडते?

विद्यार्थी मित्रांनी हा भाग लक्षपूर्वक ऐकावा.

पायाला काटा लागला की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते. तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात व जंतूंशी लढतात. हे एका जागी घडते तोवर ते हिताचे असते. सेप्सिसमध्ये हीच क्रिया सर्व शरीरभर सुरू होते.

सगळ्या रक्तवाहिन्या एकाच वेळी सैल पडल्या तर काय होईल? नळ तेवढाच, पाणी तेवढेच आणि पाइप मात्र दुप्पट रुंद. दाब पडणारच. त्यात वाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तातले पाणी बाहेर झिरपते, रक्तदाब आणखी घसरतो. हृदय ही तूट भरून काढण्यासाठी धावू लागते, म्हणून नाडी जलद होते. बारीक वाहिन्यांत रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या होतात, त्यामुळे अवयवांना रक्त पोहोचत नाही. गुठळ्यांत रक्त गोठवणारे घटक संपून जातात, म्हणून काही रोग्यांना उलट रक्तस्राव होऊ लागतो. पेशींना प्राणवायू नीट वापरता येत नाही आणि रक्तात लॅक्टेट नावाचे आम्ल साठते. ते मोजून डॉक्टर रोगाची तीव्रता ठरवतात.

आता अवयवांकडे पाहू. मेंदूला रक्त कमी पडले की माणूस गोंधळतो, बरळतो, गुंगीत जातो. फुप्फुसांत पाणी पाझरले की धाप लागते. मूत्रपिंडांना रक्त कमी पडले की लघवी कमी होते. कातडीचे रक्त आतल्या अवयवांकडे वळवले जाते, म्हणून हातपाय गार पडतात. यकृत थकले की डोळे पिवळे होतात. आमच्या शेजाऱ्यांचे बरळणे, भराभर श्वास, बंद झालेली लघवी आणि गार हात ही चार वेगवेगळी लक्षणे आम्हाला वाटली. ती एकाच आजाराची चार तोंडे होती.

घरच्या घरी कसे ओळखावे?

संसर्गाचे काही कारण आहे, म्हणजे ताप, खोकला, जखम, लघवीची जळजळ, पोटदुखी, नुकतेच बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया, आणि त्यासोबत पुढीलपैकी एखादे लक्षण दिसते, तर थांबू नये.

पहिले, शुद्ध. माणूस नेहमीसारखा बोलत नाही, नाव, वार, ठिकाण नीट सांगत नाही, किंवा उठवूनही उठत नाही. म्हाताऱ्या माणसात कधी कधी हे एकच लक्षण असते.

दुसरे, श्वास. घड्याळ समोर ठेवून छाती किंवा पोट वरखाली होताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. मोठ्या माणसाचे मिनिटाला २२ किंवा अधिक श्वास ही धोक्याची सूचना आहे.

तिसरे, लघवी. दिवसभरात लघवी झाली नाही किंवा अगदी थोडी व गडद झाली.

चौथे, कातडी. हातपाय गार व ओलसर पडणे, कातडीवर निळसर-जांभळे डाग उमटणे. आपल्या सावळ्या कातडीवर हे डाग चटकन दिसत नाहीत, म्हणून ओठ, जीभ, तळहात आणि तळपाय पाहावेत.

पाचवे, तापमान व वेदना. थंडी वाजून हुडहुडी भरणे, अंग असह्य दुखणे, 'आता मी वाचत नाही' असे रोग्याने स्वतः म्हणणे. ताप असलाच पाहिजे असे नाही. वृद्ध, अशक्त आणि नवजात बाळ यांचे अंग उलट थंड पडू शकते. ताप उतरून अंग गार झाले म्हणजे बरे वाटू लागले, हा समज कित्येकदा घातक ठरतो.

लहान मुलांचे श्वास मुळातच जलद असतात, म्हणून त्यांचे माप वेगळे आहे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या आत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास जलद समजावेत. नवजात बाळाने अंगावर पिणे सोडले, ते लुळे पडले, अंग गार लागू लागले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा नाळेतून पू आला, तर ते दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्याचे लक्षण नव्हे.

सेप्सिस कोणालाही होऊ शकतो. पण नवजात बाळे, साठीच्या पुढचे लोक, मधुमेही, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, मूत्रपिंडाचे रोगी, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि कुपोषित यांच्याबाबत विशेष सावध राहावे.

रुग्णालयात काय करतात?

घाई कशासाठी हे समजले पाहिजे. २००६ साली सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेल्या, म्हणजे सेप्टिक शॉकमधील रोग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तदाब घसरल्यापासून पहिल्या तासात योग्य प्रतिजैविक मिळालेल्यांपैकी शेकडा ८० जण वाचले. त्यानंतरच्या सहा तासांत प्रत्येक तासाच्या विलंबामागे वाचण्याचे प्रमाण सरासरी शेकडा ७.६ ने घटत गेले. आमच्या त्या 'सकाळी बघू'चा हिशेब यावरून आपण करावा.

२०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्तदाब कोसळला असेल किंवा सेप्सिसची दाट शक्यता असेल, तर प्रतिजैविक एका तासाच्या आत द्यावयाचे असते. त्याआधी शक्यतो रक्ताचा नमुना जंतुतपासणीसाठी घेतात. याचा अहवाल यायला बहुधा दोन-तीन दिवस लागतात, म्हणून डॉक्टर अहवालासाठी न थांबता औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर लागल्यास ते बदलतात. 'रिपोर्ट यायच्या आधीच महागडी इंजेक्शने का?' असे विचारत नातेवाईक भांडताना आम्ही पाहिले आहेत. त्यामागचे कारण हे आहे.

रक्तदाब घसरला असेल तर शिरेतून द्रव देतात. मोठ्या माणसाला पहिल्या तीन तासांत दर किलो वजनामागे साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे १८०० मिलिलिटर. तेवढ्याने भागले नाही तर रक्तवाहिन्या आवळणारे औषध चालू करतात. प्राणवायू देतात, लागल्यास श्वासयंत्र लावतात, लघवी तासातासाला मोजतात. आणि संसर्गाचे मूळ काढतात. पू साठला असेल तर तो वाहून जाऊ देतात, सडलेला भाग कापतात. मूळ तसेच ठेवून नुसत्या औषधाने काम भागत नाही.

येथे एका सवयीविषयी बोलणे भाग आहे. अशक्तपणा वाटला की जवळच्या छोट्या दवाखान्यात 'एक सलाईन लावा' म्हणून आपण जातो. तासभर तरतरी वाटते. सेप्सिसच्या रोग्याचा तो तास अमूल्य असतो. त्याने मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवर असले पाहिजे.

हात धुण्याचा धडा

व्हिएन्ना शहरातील मोठ्या रुग्णालयात १८४० च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी अधिक स्त्रिया मरत. गोरगरीब स्त्रिया 'आम्हाला सुईणींच्या विभागात घ्या' अशी विनवणी करीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने त्यांच्या दुःखाचे कारण शोधायचे ठरवले. १८४७ च्या मार्चमध्ये शवविच्छेदन करताना सुरी लागून त्यांचे सहकारी याकोब कोलेच्का वारले, आणि त्यांच्या शरीरातही बाळंतज्वराच्या स्त्रियांसारख्याच खुणा आढळल्या. सेमेलवाइस यांना उलगडा झाला की शवविच्छेदन करून आलेले हातच हा रोग बाळंतिणींपर्यंत नेत आहेत. त्यांनी प्रत्येकाला क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात शेकडा १८ बाळंतिणी दगावल्या होत्या, पुढील काही महिन्यांत ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले.

परंतु आपल्याच हातांनी रोग पसरतो हे मान्य करायला बहुतेक प्रतिष्ठित डॉक्टर तयार झाले नाहीत. १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या रुग्णालयात, जखम चिघळून, त्याच रोगाला बळी पडले. मोठ्यांचा अहंकार आणि गरीब स्त्रियांचे जीव यांची ही गोष्ट आहे. ज्याने विचारायचे त्याने विचारलेच पाहिजे, हा तिचा बोध.

गडचिरोलीने काय दाखवले?

'आम्हा अडाणी माणसांना हे कसे जमेल?' असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राने दिले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांतील थोडे शिक्षण झालेल्या गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी, धोक्याची लक्षणे आणि सेप्सिसवरील उपचार शिकवले. त्यांनी घरी जाऊन बाळे तपासली, लक्षणे दिसताच ठरलेले इंजेक्शन व औषध दिले. १९९९ साली या कामाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सेप्सिस झालेल्या नवजात बाळांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा १६.६ वरून २.८ वर आले. गावातील एकूण नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ ने कमी झाले. पुढे देशभरातील 'आशा' ताई बाळंतिणीच्या घरी भेटी देऊ लागल्या, त्यामागे या कामाची प्रेरणा आहे. त्या स्त्रियांकडे मोठी यंत्रे नव्हती. प्रशिक्षण होते, घड्याळ होते, आणि लक्षण दिसताच हालचाल करण्याची शिस्त होती.

आपण काय करावे?

प्रत्येक घरात एक थर्मामीटर आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ असावे. श्वास मोजायला आठवी-नववीच्या मुलांनाही येते.

जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन जरूर घ्यावे, पण ते फक्त धनुर्वात टाळते, जखम चिघळणे टाळत नाही. मधुमेही माणसाने रोज तळपाय पाहावेत. मुलांचे लसीकरण पूर्ण करावे, हात धुवावेत, बाळंतपण रुग्णालयात करावे.

प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या खाऊ नयेत. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि खऱ्या सेप्सिसच्या वेळी डॉक्टरांचे हात बांधले जातात.

धोक्याचे लक्षण दिसताच १०८ क्रमांकाला फोन करावा. दवाखान्यात गेल्यावर रोग केव्हा सुरू झाला, लघवी केव्हा झाली, श्वास किती मोजले, कोणती औषधे चालू आहेत, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. आणि नम्रपणे पण स्पष्ट विचारावे : "डॉक्टर, हा सेप्सिस तर नाही ना?" असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

रोगी वाचून घरी आला म्हणजे सारे संपले असेही नाही. कित्येकांना पुढे महिनोन्‌महिने अशक्तपणा, विसरभोळेपणा, झोप न लागणे, केस गळणे, उदासपणा असा त्रास होतो. 'आता बरा झालास, कामाला लाग' असा तगादा त्यांना लावू नये. पुन्हा संसर्ग होण्याची भीती त्यांना अधिक असते, म्हणून तपासण्या चुकवू नयेत.

शेवटी

त्या शेजाऱ्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी वस्तीतील एक मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. बाळंतपणाच्या सहाव्या दिवशी तिला ताप आला, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येऊ लागली. घरचे म्हणाले, अंगात दूध आले की ताप येतो. परंतु दरम्यान आम्ही वस्तीतील मुलांना श्वास मोजायला शिकवले होते. तिच्या धाकट्या भावाने, अकरावीतील मुलाने, ताईचे श्वास मोजले. ३० भरले. तो रात्री साडेअकराला आमच्या दारात आला आणि म्हणाला, "काका, तीस आहेत. सकाळपर्यंत थांबायचे नाही ना?"

आम्ही थांबलो नाही. गर्भाशयात वारेचा तुकडा राहिला होता. तो काढला, औषधे तत्काळ सुरू झाली. अकराव्या दिवशी मुलगी बाळाला घेऊन घरी आली.

गवंडीकाम करणाऱ्या आमच्या त्या शेजाऱ्यांच्या वेळी आम्ही होतो, अनुभव होता, पदवी होती. या मुलाकडे फक्त एक घड्याळ होते आणि त्याने ते वापरले. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील प्रत्येकाला एक मिनिट श्वास मोजायला शिकवा, एवढीच आमची विनंती आहे.